मुंबईच्या वेशीवरचा टोल: माफ केला ते बरं झालं का?

पूर्वद्रुत:
१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी अशा पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. निवडणूक तोंडावर होती, टाळ्या पडल्या. माझ्या मते निर्णय चुकला. कारचे ४५ रुपये उड्डाणपुलांच्या खर्चापोटी घेतले जायचे. पहाटे पाचला तेवढेच, सकाळी नऊलाही तेवढेच. तो दर घड्याळाप्रमाणे बदलता करायचा होता: ८ ते ११ चढा, दुपारी नाममात्र, रात्री शून्य. आणि तो पैसा बससेवेकडे वळवायचा होता.

उपाय चालला की नाही हे ठरवायला, घरातून तासाभरात किती नोकऱ्या टप्प्यात येतात, ते मोजा. गाड्यांचा वेग मोजून काय मिळणार? एका बसमार्गाची जाऊन-येऊन फेरी १२० मिनिटांची असेल, तर १२ गाड्यांत दर १० मिनिटांनी बस सुटते. कोंडीने फेरी १५० वर गेली की त्याच १२ गाड्या साडेबारा मिनिटांनी. ९० वर आली तर साडेसात. एकही बस विकत न घेता.

हिशेबी_ठाणेकर:
गणित बरोबर, रेष चुकीच्या जागी. नाके पालिकेच्या हद्दीवर आहेत, नोकऱ्यांभोवती नाहीत. कोपरीहून मुलुंडला जाणारा दोन-तीन किलोमीटरसाठी पैसे भरणार आणि अंधेरीहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) तुंबलेल्या रस्त्याने जाणारा फुकट! स्टॉकहोमने गाड्यांवर अशा आकारणीची २००६ ला चाचणी घेतली, २००७ ला ती कायम केली, वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने घटली. पण तिथे वेढा मध्य शहराला आहे, आत शिरायला मोजके पूल. आपल्या नोकऱ्या फोर्ट, लोअर परळ, बीकेसी, सीप्झ, पवई, शिवाय खाडीपलीकडे ऐरोली-महापे. वेढा घालणार कशाला?

आणि दुचाकीला या नाक्यांवर टोल नव्हताच. कार महाग केलीत तर माणूस बस धरेल की स्कूटर काढेल? पावसाळा सोडला तर स्कूटर.

पूर्वद्रुत:
दुचाकीही धरा. सिंगापूरने १९७५ ला सुरुवात करताना ती सोडली होती, १९८९ ला आत घेतली. १९९८ पासून तिथे रस्त्यावरच्या पैसे कापणाऱ्या कमानीगणिक आणि वेळेगणिक दर वेगळा. वेग ठरलेल्या पट्ट्याखाली गेला की दर वाढतो, वर गेला की उतरतो. तुमच्या रेषेच्या तक्रारीचं उत्तर त्यातच आहे. एका वेढ्याऐवजी बीकेसीच्या तोंडाशी, कलानगरला, लोअर परळच्या पुलांवर कमानी बसवा.

डबलडेकर:
बस आधी की आकारणी आधी? लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये ५ पौंड लावले तेव्हा पहिल्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणल्या. इथे बेस्टचा स्वतःचा ताफा आटला, भाड्याच्या बस घेऊन आलेले काही कंत्राटदार मध्येच सोडून गेले, आणि मे २०२५ मध्ये किमान तिकीट ५ चं १० झालं. शिवाय टोलची तिजोरी रस्ते विकास महामंडळाची, बेस्ट महापालिकेची, ठाण्याची परिवहन सेवा ठाण्याची, नवी मुंबईची तिसरीच. पैसा बसकडे वळवायचा तर आधी कायदा करा. नाहीतर त्यातून पुढचा उड्डाणपूल उभा राहील, दुसरं काही नाही.

चटईक्षेत्र:
तुम्ही सगळे कारभोवती घुटमळताय. बीकेसीतला सफाई कामगार नालासोपाऱ्याहून लोकलने येतो, त्याला कमानीचं सोयरसुतक नाही. त्याचं घर तिकडे का गेलं? दक्षिण मुंबईत अनेक दशकं एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते) १.३३ वर अडलेला आणि जुन्या इमारती भाडेनियंत्रणात गोठलेल्या.

रस्त्याला किंमत लावलेली पाहायचीच असेल तर अटल सेतू पाहा. २१.८ किलोमीटर, कारला एकेरी २५०, जाऊन-येऊन ३७५, दुचाकीला बंदी. उलव्यातल्या कारकुनाने महिन्यात २५ दिवस कार काढली तर ९,३७५ रुपये, आणि उतरणार शिवडीला, जिथे त्याचं ऑफिस नाही. पूल लांबच लांब, त्याच्या टप्प्यातल्या नोकऱ्या तेवढ्याच.

हिशेबी_ठाणेकर:
मग पार्किंगपासून सुरू करा ना. कमानी नकोत, फास्टॅग नको, नंबरप्लेट झाकणाऱ्यांचा पाठलाग नको. बीकेसीत दिवसभर कार उभी करायला तासाचा चढता दर, कडेला लावली तर टोइंग.

पूर्वद्रुत:
चालेल. पण मधून नुसतीच जाणारी गाडी, कुर्ल्याहून वांद्र्याला, ती पार्किंग करतच नाही. तिचं काय?