झिजलेला कॅमशाफ्ट रिग्राइंड करावा का?

प्रश्न:
जुन्या गाडीचं चार सिलिंडरचं पुशरॉड इंजिन पूर्ण खोललंय. कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) दोन लोब (त्यावरचे उंचवटे) चांगलेच झिजलेत, डायल गेज लावून बघितलं तर बाकीच्या लोबची लिफ्ट 7 मिमी आणि या दोघांची 6.1. नवीन कॅम कुठेच मिळत नाहीये. ग्राइंड केला तर लोब अजून बारीक होऊन लिफ्ट कमी नाही का होणार? आणि टॅपेट (लोबवर टेकून वर-खाली होणारे तुकडे) दिसायला ठीक आहेत, तेच परत टाकले तर चालतील ना?

उत्तर 1:
लिफ्ट कमी होत नाही भाऊ. लिफ्ट म्हणजे लोबचं टोक आणि बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग) यातला फरक, ग्राइंडर बेस सर्कलपण तेवढंच खाली घेतो आणि मूळ आकार परत काढतो. तुमच्या केसमध्ये सगळेच लोब साधारण 1 मिमी खाली जातील, म्हणजे टॅपेटही तेवढे खाली बसणार, ते रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणारा हात) ॲडजस्टिंग स्क्रूमध्ये भरून निघतंय का ते आधी बघा, नाहीतर लांब पुशरॉड (टॅपेट आणि रॉकरमधल्या दांड्या) लागतील. खरी भीती हार्डनिंगची. चिल्ड कास्ट आयर्नचा (ओततानाच झटकन थंड करून कडक केलेलं बीड) कडक थर बऱ्यापैकी खोल असतो पण केस हार्डन केलेल्या (फक्त वरचा थर कडक केलेल्या) स्टील कॅमचा तो 1 मिमीतच निघून जाऊ शकतो, मग परत हार्डनिंग करून घ्यावंच लागतं. ग्राइंडिंगनंतर हार्डनेस चेक करून मागा, आणि शाफ्ट वाकलाय का, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) कसे आहेत, डिस्ट्रिब्युटरचा गिअर खाल्लाय का हेही त्याच वेळी बघून घ्या.

उत्तर 2:
वरचं सगळं बरोबर, पण जुने टॅपेट अजिबात टाकू नका!! टॅपेटचा तळ सपाट दिसतो पण मधे किंचित फुगीर असतो आणि लोबला अगदी बारीक उतार असतो, त्यामुळेच टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो. तळ झिजून खोलगट झाला की फिरणं थांबतं आणि नवा लोब एकाच जागी घासून संपतो. नवीन घ्या नाहीतर तेही ग्राइंड करून घ्या. टॅपेटवर स्टीलपट्टी उभी धरून उजेडाकडे बघा, मधून उजेड दिसला तर तो गेला.

प्रश्नकर्ता:
आत्ताच पट्टी धरून बघितली, आठपैकी पाचात मधून उजेड येतोय. सगळे बदलतो. पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यायची?

उत्तर 2:
लोबला आणि टॅपेटच्या तळाला मॉलीवाली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेली) असेंब्ली पेस्ट भरपूर लावा. टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं आधीच नीट सेट करा म्हणजे उगाच सेल्फ मारत बसायला नको. चालू झालं की आयडलला अजिबात सोडू नका, लगेच 2000 ते 2500 आरपीएमवर घ्या आणि कमीजास्त करत 20-30 मिनिटं चालवा, आयडलला लोबवर ऑइल कमी उडतं. ऑइल जास्त झिंकवालं घ्या, हल्लीच्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी झिंक-फॉस्फरस कमी केलेलं असतं. हे पहिलं चालवणं (रन-इन) झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) परत सेट करा.