वर्षभरात फुटलेला पंक बँड फसला म्हणायचा का?

दर्याकाठ, रत्नागिरी

कोकणात कॉलेजात पंकचा, म्हणजे वेगवान, रोखठोक रॉक संगीताचा, बँड जमतो. परीक्षा संपली की ड्रमर पुण्याला, गिटारवाला मुंबईला, आणि मागे राहिलेले म्हणतात, "टिकला नाही." बँड टिकण्यावर मोजायचा, हे मला मुळातच पटत नाही. वॉशिंग्टनच्या 'टीन आयडल्स' या पंक बँडकडे बघा. १९७९ मध्ये सुरू, नोव्हेंबर १९८० मध्ये बंद. चौघंही कोवळ्या वयाचे. कार्यक्रमांचे पैसे त्यांनी कधी वाटून घेतले नाहीत, सिगारच्या एका डब्यात टाकत गेले. फुटायची वेळ आली तेव्हा डब्यात साधारण सहाशे डॉलर होते. वाटून घ्यायचे की रेकॉर्ड काढायची, एवढाच प्रश्न होता. त्यांनी रेकॉर्ड काढली: सात इंची तबकडी, आठ गाणी, १००० प्रती. ती काढायला जे लेबल सुरू केलं ते 'डिसकॉर्ड', आणि ते पुढे चालू राहिलं. बासवाला इयन मकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन 'मायनर थ्रेट'मध्ये गेले. मकायने १९८७ मध्ये 'फुगाझी' उभा केला.

त्या तबकडीचं पाकीटसुद्धा शिकण्यासारखं आहे. तयार पाकीट परवडेना म्हणून त्यांनी दुसऱ्या एका सिंगलचं (एक-दोन गाण्यांच्या तबकडीचं) पाकीट उकलून सपाट केलं, त्याचा आकार गिरवला, ११ बाय १७ इंची कागदावर छापून घेतलं आणि कात्रीने कापून, दुमडून, डिंकाने चिकटवलं. हजार पाकिटं, हाताने.

माझं म्हणणं: बँड सुरू करतानाच तो कधी संपणार ते ठरवा, पैसे एकाच डब्यात ठेवा, आणि फुटायच्या आधी ध्वनिमुद्रण करा.

कातळावरचा, लांजा

उलट्या बाजूने हिशोब मांडताय. 'टीन आयडल्स'चं नाव आज घेतलं जातं ते 'मायनर थ्रेट' आणि 'फुगाझी'मुळे. नंतरचं यश काढून टाका, मग काय उरतं? त्याहून ठळक दाखला लंडनचा. १९७५-७६ मधल्या 'लंडन एसएस' या बँडने एकही जाहीर कार्यक्रम केला नाही. तालमी आणि नवे वादक तपासणं यातच सगळा वेळ गेला. तरी पंकच्या इतिहासात त्याला जागा आहे, कारण मिक जोन्स पुढे 'द क्लॅश'मध्ये, ब्रायन जेम्स 'द डॅम्ड'मध्ये आणि टोनी जेम्स 'जनरेशन एक्स'मध्ये गेला. हे बँडचं यश नव्हे, माणसांचं यश.

शिवाय वॉशिंग्टनमध्ये 'बॅड ब्रेन्स' हा दुसरा पंक बँड होता, क्लब होते, जवळ आर्लिंग्टनला डॉन झिएन्ताराचा 'इनर इअर' स्टुडिओ होता. एक बँड फुटला तरी खालची जमीन शाबूत होती. आपल्याकडे बँड फुटला की माइकपासून तालमीच्या खोलीपर्यंत सगळंच जातं. आपल्याला टिकाऊ संस्था हवी. नमनाचं, म्हणजे आपल्या कोकणी लोकनाट्याचं, मंडळ बघा. मृदंगवाला नोकरीला गेला तर त्याच्या जागी पुढचा पोरगा बसतो. मंडळ माणसांवर अवलंबून नाही.

दर्याकाठ, रत्नागिरी

'लंडन एसएस' आणि 'टीन आयडल्स' एका तराजूत घालू नका. पहिल्याने माणसं जमवली. दुसऱ्याने वस्तू मागे ठेवली आणि ती काढायची रीतही. लगेच त्याच लेबलवर दुसरी तबकडी आली ती 'एसओए' या दुसऱ्या बँडची. तिचा खर्च गायक हेन्री गारफिल्डने स्वतः उचलला. तो तेव्हा आईस्क्रीमच्या दुकानात कामाला होता. हा बँडही १९८१ मध्येच संपला आणि हेन्री रोलिन्स या नावाने तो 'ब्लॅक फ्लॅग'मध्ये गेला. 'एसओए'ला वाट तयार मिळाली, कारण आधीच्या फुटक्या बँडने ती पाडली होती. तुम्ही म्हणता ती खालची जमीन अशाच बँडांनी घातली.

चिरेबंदी, कुडाळ

वाद चालू दे, पण "फुटायच्या आधी ध्वनिमुद्रण करा" हे लिहायला सोपं आहे. 'टीन आयडल्स'चं काम चार ट्रॅकवर, म्हणजे चार स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांवर, झालं होतं. आजही माइक लॅपटॉपला जोडणारा चार इनपुटचा इंटरफेस आणि लॅपटॉप पुरतो. वाटणी अशी ठेवा: एक माइक बास ड्रमला, एक ड्रमसेटच्या वर, बास गिटार डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल थेट घेण्याजोगा करणाऱ्या डबीतून) थेट, चौथ्या इनपुटला गिटारच्या अँपसमोरचा (ध्वनिवर्धकासमोरचा) माइक. गायकाचा आवाज नंतर वेगळा घ्या. वरचा माइक स्नेअरपासून (काठीने वाजवायच्या छोट्या ड्रमपासून) मीटरभरच उंच ठेवा. पंकच्या वेगात तो त्याहून वर गेला की झांजांचा नुसता चिखल होतो. अँप शेजारच्या खोलीत, दार बंद, माइक जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणि स्पीकरच्या शंकूच्या मध्यापासून जरा बाजूला.

खोली निवडताना गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत आणि वर कौलं असतील तर उत्तम. खडबडीत भिंतीवर आवाज विखुरतो. स्लॅबच्या चौकोनी खोलीत तो घुमतो, तिथे दोन भिंतींना गोधड्या टांगाव्याच लागतात. पत्र्याखाली जून ते सप्टेंबर नाद सोडा. ऑक्टोबरात दुपारी काम करा, संध्याकाळी रातकिडे प्रत्येक ट्रॅकमध्ये येतात. पंखा बंद ठेवावा लागतो, उकाड्याने तारा उतरतात, म्हणून दर गाण्याआधी सूर लावा.

खरी डोकेदुखी ५० हर्ट्झच्या गुणगुणीची. कातळावर मातीचा थर पातळ आणि उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत, त्यामुळे अर्थिंग मिळत नाही. खड्ड्यात कोळसा आणि मीठ थराथराने भरून, पाइपमधून दर काही दिवसांनी पाणी घालावं लागतं. अँप, मिक्सर, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डावर घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. तसं केलं आणि अँपमध्ये बिघाड झाला, तर गिटार हातात धरून माइकला ओठ लावणाऱ्या गायकाच्या अंगातून वीज जाते. पिन काढू नका, डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या तारेतली अर्थची जोडणी तोडणारं बटण) वापरा.

कातळावरचा, लांजा

हेच तर मी म्हणतोय. एवढी अर्थिंगची सोय वर्षभराच्या बँडसाठी कोण करणार? ती मंडळच करतं.

सड्यावयलो, मालवण

मंडळाचो गुण सांगितलास, पण मंडळात नवीन काय करूक गेलास तर आधी पाच जाणत्यांका इचारूक लागता. पंक तेच्यासाठी नाय. पोरांका चुकूक मोकळीक होयी. पैशाचा मात्र मंडळाकडसून शिकाचा: जो सोडून गेलो तेका फंडातला कायच गावना नाय.

पाटपन्हाळे, गुहागर

फंडात काही मिळत नाही इथवर ठीक, पण गाण्यांचं काय? कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्यांचा, आणि एकत्र रचलं असेल तर शेवटचा रचनाकार गेल्यानंतर ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. तो निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. सामाईक डब्यातून पैसे दिले आणि लेखी काही नसलं, तर उद्या चौघांपैकी एकाचं नाव झाल्यावर भांडण ठरलेलं. साध्या कागदावर चार गोष्टी लिहून सगळ्यांनी सही करा: कुठलं गाणं कोणी रचलं, ध्वनिमुद्रणाचे निर्माते कोण, बँडचं नाव पुढे कोण वापरणार, आणि मूळ फाइल कोणाकडे. फाइल दोन वेगळ्या घरांत ठेवा. दमट हवेत हार्ड डिस्कवर एकट्यावर विसंबू नये.

नावाचा मुद्दा हलका घेऊ नका. ग्लासगोचा 'जॉनी अँड द सेल्फ अब्यूझर्स' १९७७ मध्ये एकुलता एक सिंगल बाजारात आला त्याच दिवशी फुटला. अर्धे पुढे 'सिंपल माइंड्स' झाले. जुनं नाव कोणालाच नको होतं म्हणून निभावलं. तुमचं नाव गाजलेलं असेल तर निभावणार नाही.

दर्याकाठ, रत्नागिरी

कागदाचं मान्य, तो पहिल्या तालमीलाच करावा. मंडळाचं मात्र अजून मान्य नाही. 'टीन आयडल्स' कॅलिफोर्नियाला गेले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने दारू देऊ नये म्हणून कमी वयाच्या पोरांच्या हातांवर काळी फुली मारली. त्यांनी ती युक्ती वॉशिंग्टनच्या क्लबला सुचवली, म्हणून तिथे लहान पोरांना कार्यक्रमाला आत जाता येऊ लागलं. हे जुन्या संस्थेला सुचलं नाही. आपल्याकडे शाळेचं सभागृह मिळतं, तिथे दारूचा प्रश्नच नाही. संध्याकाळी सहाला सुरू करून साडेनऊला आवरलं की रात्री दहाच्या ध्वनिक्षेपकाच्या बंदीतही बसतं.

कातळावरचा, लांजा

सभागृह कोणाच्या अर्जावर मिळतं? नोंदणीकृत मंडळाच्या. तीन महिन्यांनी संपणाऱ्या चार पोरांना मुख्याध्यापक किल्ली देत नाहीत. बँड कितीही फुटू दे, माझी हरकत नाही. अर्ज, अर्थिंगचा खड्डा, माइक आणि तो डबा मंडळाच्या नावावर ठेवा.

चिरेबंदी, कुडाळ

माइक मंडळाचे ठेवणार असाल तर माइकच्या डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्या टाका आणि त्या पावसाळ्यात पंधरवड्याला बदला. खारी हवा जॅकच्या टोकावर आधी बसते, करकर तिथूनच येते. गिटारच्या तारा मंडळाच्या नकोत. त्या ज्याच्या त्याने आणाव्यात, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी नव्या चढवाव्यात.