एडासवाली गाडी घेतलीय, मदत कमी आणि दचकणंच जास्त होतंय

खड्डेमोजणी_पुणे
मंडळी, दोन महिन्यांपूर्वी लेव्हल २ एडासवाली गाडी घेतली, म्हणजे वेग, ब्रेक आणि स्टिअरिंग सांभाळायला गाडी स्वतःच मदत करते, पण लक्ष आपणच ठेवायचं. एक्सप्रेसवेला अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप कमीजास्त करणारा) १०० वर लावला की पाय मोकळा, खरंच सुख आहे, फक्त पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं रे ठेवलं की त्यात कुणीतरी घुसतो, मग आपली गाडी हळू होते, मग दुसरा घुसतो, असं करत आपण मागे मागेच.
खरी मजा गावात. परवा सिंहगड रोडला खड्डा चुकवायला जरा उजवीकडे घेतली तर स्टिअरिंगने हाताला हिसका देऊन परत खड्ड्याकडेच ओढली! त्याला पांढरा पट्टा दिसतो, खड्डा दिसत नाही. आणि काल एक स्कूटी आडवी आली, मी ब्रेकवर पाय नेतोय तोवर गाडीनेच करकचून दाबला. आईच्या मांडीवरचा पोह्यांचा डबा थेट खाली, मागच्या रिक्षावाल्याने आमच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला. सगळं बंद करून टाकू का?

घाटातला_गणू
सगळं नको. लेन कीप, म्हणजे पट्ट्यांच्या आत ठेवायला स्टिअरिंग ओढणारं ते, गावात बंद कर, आपोआप ब्रेकचं राहू दे. स्कूटीवाल्याला लागलं नाही ना? मग पोहे गेले तर गेले. सेटिंग एकदा बघून घे, बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून चालू केलं की लेन कीप आपोआप परत चालू होतं.

ऊसपट्टा
आमच्याकडे नगर भागात गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, दोन ट्रॉल्या एकामागे एक आणि बाहेर लोंबणारा ऊस. बंद पडली की तिथंच रस्त्यात, चाकाला दगड लावून. तिथं मी क्रूझवर एक टक्का भरवसा ठेवत नाही, उभ्या वाहनाला सिस्टीम ओळखेलच असं नाही हे मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं, वाचतो कोण. पण समृद्धीवर मात्र याच एडासने वाचवलंय, ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता, १२० ची लिमिट, दुपारचं जेवण झालेलं, डोळा लागला आणि लेनच्या टुंग टुंगने जागा झालो. गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारलं, पाच मिनिटं हात थरथरत होते.

श्टुटगार्टकर
इकडे युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत लिमिट ओलांडली की इशारा देणं सक्तीचं आहे. कॅमेरा कधीकधी शेजारच्या एक्झिटची पाटी वाचतो आणि ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, ८० ची लिमिट ओलांडली म्हणून ओरडत बसतो. आम्ही गाडीत बसलो की आधी सीटबेल्ट, मग तो आवाज बंद, मग गिअर. म्हणजे इथे पट्टे झकास असूनही तक्रारी आहेतच.

काच_फुटली_होती
एक राहिलं. पुढची काच बदलायची वेळ आली तर तिच्यामागचा एडासचा कॅमेरा परत कॅलिब्रेट करून, म्हणजे नीट जुळवून घ्या. माझ्या गॅरेजवाल्याने केलाच नाही, आठवडाभर गाडी सरळ रस्त्यावर उगाच ओरडत होती.

खड्डेमोजणी_पुणे
धन्यवाद सगळ्यांना. लेन कीप बंद, ब्रेक चालू ठेवलाय. आई मात्र आता मागे बसते, डबा दोन्ही हातांनी धरून.