मदत हवी आहे: पगार वाढणार नाही म्हणतात, मग बाकीचं काय मागू?

मंडळी, पुण्यातल्या एका आयटी कंपनीची ऑफर हातात आहे. आकडा ठीक आहे, त्यापुढे 'बँड (या पदाची पगारश्रेणी) फिक्स आहे' म्हणून एचआरने हात वर केलेत. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

सीटीसीचा (कंपनीचा माझ्यावरचा एकूण वार्षिक खर्च) तक्ता नीट पाहिला तर त्यात ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) धरलीय, बेसिकच्या म्हणजे मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. पाच वर्षांच्या आत सोडलं तर ती कुठली मिळायला! कंपनीचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपये. त्याऐवजी एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) कंपनीचा वाटा मागावा का? नव्या कररचनेतही बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत त्याची वजावट मिळते. कुणी करून घेतलंय का?

पण माझी खरी गरज वेगळीच आहे. बाबांना मधुमेह, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन डोक्यावर. ग्रुप मेडिक्लेममध्ये नवरा आणि मुलगी आहेत, आईवडील नाहीत. त्यांचा हप्ता मी भरायला तयार आहे, पण आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर हवेत. बाहेरच्या पॉलिसीत त्यासाठी दोन-तीन वर्षं थांबायला लावतात.

दुसरं म्हणजे आठवड्यातून तीन दिवस घरून काम. 'जॉइन झाल्यावर मॅनेजरशी बोला' असं उत्तर मिळालं. हिंजवडीचा ट्रॅफिक काय असतो ते वेगळं सांगायला नको. हे ऑफर लेटरमध्येच लिहून मागितलं तर आगाऊपणा वाटेल का? की ईमेलवरचा होकार पुरतो? मॅनेजर बदलला की तो कितपत टिकतो?

दोन्ही एकदम मागू की मेडिक्लेम आधी? एचआरमध्ये काम करणाऱ्यांनी जरूर सांगा, प्लीज.