बागेतला गलका आणि मेघनाचं मीटर

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा: गलक्यामुळे बागेची वेळ कमी करायची का?)

मेघना, बी ३०२: काल खिडकीत बसून फोनच्या अ‍ॅपवर आवाज मोजला. दुपारी खाली एकच माणूस मोबाइलवर बोलत होता तेव्हा ५५ डेसिबल, संध्याकाळी बाग खचाखच तेव्हा ६५, आणि गंमत म्हणजे डोकं उठलं ते दुपारी, संध्याकाळी मी आरामात वाचत बसले होते 🤔

देशपांडे काका: अ‍ॅप बिघडलंय.

निखिल, सी २०१: नाही काका, असंच होतं. एकटा माणूस बोलत असला की शब्द न् शब्द कळतो आणि नको असलं तरी आपला मेंदू ऐकतच बसतो, त्यात फोनवरचं अर्धंच बोलणं, मग पलीकडचा काय म्हणाला असेल तेच डोक्यात. पन्नास माणसं बोलायला लागली की शब्द एकमेकांत विरघळतात, नुसता गलका उरतो.

देशपांडे काका: मग हॉलमधल्या कार्यक्रमात शेजारच्याचंही ऐकू येत नाही ते?

निखिल: तिथे वेगळं. बोलणारे दुप्पट झाले तर खरं म्हणजे ३ डेसिबलच वाढायला हवेत, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. पण गोंगाटात जो तो नकळत आवाज चढवतो, तो ऐकून दुसरा चढवतो, बंद हॉलमध्ये भिंतीही भर घालतात. लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात याला, लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये लिहून ठेवलंय.

सुलभाताई: मला तर संध्याकाळचा आवाज हवाच असतो बाई. परवा रात्री उशिरा खाली आले, चिटपाखरू नाही, झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती, इतकुसा आवाज पण अंगावर काटा आला. माणसं असताना तीच कडी कानावरही येत नाही.

मेघना: अगदी!! साउंडस्केप म्हणजे एखाद्या जागेतले सगळे आवाज मिळून जे वातावरण होतं ते, त्याचं २०१४ चं आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे त्यातही माणसाला त्या जागी ते कसं जाणवतं हेच धरलंय, नुसते डेसिबल नाहीत.

रोहिणी, ए ००२: तिसऱ्या मजल्यावरून गलका गोड लागणारच गं 😏 तळमजल्यावर मला बाकावरच्या प्रत्येकाचं वेगळं ऐकू येतं, बाळ आत्ता कुठे झोपलेलं असतं. बागेची वेळ कमी करू नका, बाक तेवढा पलीकडच्या कुंपणाशी न्या.

देशपांडे काका: चालेल. आणि मेघना, दुपारी तो मीच होतो, घरात रेंज येत नाही.