डीएनएची पेटी कॅन्सरची पेशी ओळखते कशी?

जीवशास्त्रवाले मास्तर, चिपळूण

बारावीला शिकवतो. परवा फळ्यावर डीएनएची शिडी काढत होतो, तर एका मुलीने विचारलं, "सर, डीएनएचा रोबो रक्तात फिरून कॅन्सरची गाठ शोधतो म्हणे. पण डीएनए माहिती साठवतो ना? त्याची पेटी कशी होईल?" बेल झाली म्हणून सुटलो. सोमवारी सांगतो असं कबूल केलंय. इथे कुणी प्रत्यक्ष हे काम केलंय का? व्याख्या नकोत, त्या गुगलवर आहेत. आणि माणसांवर वापर सुरू झालाय की नाही, तेही सांगा.

घडीवाली

मास्तर, माझी पीएचडी यातच झाली, त्यामुळे उत्तर लांबणार.

तिला म्हणावं, माहिती घटकाभर विसर. इथे डीएनए हे निव्वळ बांधकामाचं सामान आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए समोर टी, जी समोर सी, या एका नियमावर सगळा खेळ. नेड सीमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८२ साली डीएनएच्या फांद्या जोडून जाळी विणायची कल्पना मांडली. पण हात धजावले ते २००६ नंतर, अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या पॉल रॉथेमंड यांच्यामुळे. त्यांनी एम१३ या जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूचा ७,२४९ अक्षरांचा एकेरी धागा घेतला आणि त्यात दोनशेहून जास्त छोटे तुकडे मिसळले. प्रत्येक तुकड्याचं एक टोक लांब धाग्यावर एका ठिकाणी जुळतं, दुसरं टोक भलतीकडेच. लांब नाडी चिमटीत धरून जागोजागी टाके घालावेत, तशी तिची घडी पडते. मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापवायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. बाकीचं रेणू आपापले करतात. त्यांनी केलेले हसरे चेहरे साधारण १०० नॅनोमीटरचे होते.

हातात काय येतं म्हणाल, तर पाण्यासारखा थेंब. काही दिसत नाही. बघायचं तर अभ्रकाचा तुकडा घ्यायचा, त्याला चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा ओढून काढायचा, म्हणजे खाली कोरा करकरीत सपाट पृष्ठभाग मिळतो. त्यावर थेंब ठेवायचा आणि अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई फिरवायची. पापुद्रा अर्धवट निघाला की सकाळ फुकट. दुसरी कटकट मॅग्नेशियमची. डीएनएच्या धाग्यांवर ऋणभार असतो, ते एकमेकांना ढकलतात. मॅग्नेशियम ती ढकलाढकल आवरतं. ते पुरेसं नसेल तर घडी धड बसत नाही, जेलमध्ये, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करायच्या चाळणीत, नुसता फराटा दिसतो. बसली तर एक ठसठशीत पट्टा.

आता ओळखण्याबद्दल. यात रोबो म्हणण्यासारखं मला तरी फारसं काही दिसत नाही, ते कुलूप आहे. अ‍ॅप्टामर म्हणजे ठरावीक प्रथिनाला घट्ट धरणारा डीएनएचा छोटा तुकडा. २०१२ साली शॉन डग्लस, इदो बॅशेले आणि जॉर्ज चर्च यांनी षटकोनी पिंप केलं आणि त्याला अशी दोन कुलपं लावली. पेशीवर दोन्ही प्रथिनं सापडली तरच पिंप उघडतं, एकावर नाही. हे बशीतल्या पेशींवर झालं. २०१८ मध्ये बीजिंग आणि अ‍ॅरिझोनाच्या गटांनी ९० बाय ६० नॅनोमीटरची चटई गुंडाळून नळी केली आणि आत थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं विकर लपवलं. गाठीच्या रक्तवाहिन्यांवर न्यूक्लिओलिन हे प्रथिन भेटलं की नळी उलगडते, तिथेच रक्त गोठतं आणि गाठीचा रसदपुरवठा तुटतो. उंदरांत जमलं.

मिरजेचा लॅबवाला

माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. रक्तात डीएनए तोडणारी न्यूक्लिएज विकरं असतात, उघडा डीएनए ती सोडतील होय? आणि रक्तात मॅग्नेशियम आहेच किती? पेटी गाठीपर्यंत पोचेपर्यंत तिचा भुगा होईल.

घडीवाली

बरोबर पकडलंत. रक्तात मॅग्नेशियम एक मिलिमोलरच्या आसपास असतं, आम्ही घड्या घालतो ते साडेबारामध्ये. म्हणून लायसिन या अमिनो आम्लाच्या साखळीला पीईजी हे पॉलिमर जोडून त्याचा लेप देतात, मग पेटी बऱ्यापैकी तग धरते. तरी बराचसा माल यकृत गिळतं. आणि पेशीने आत घेतली तरी ती आम्लाच्या पिशवीत अडकते, बाहेर येईलच असं नाही. बातमीत हे कुणी छापत नाही.

सुनीता_के

मधेच विचारते, माफ करा. माझ्या जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे, ते लाल औषध. दिरांनी कुठेतरी वाचलं की स्वीडनमध्ये डीएनएच्या यंत्राने गाठ ७० टक्के कमी झाली. ते म्हणतात, पुढची केमो थांबवू, आधी हे मिळतंय का बघू. मिळेल का?

घडीवाली

सुनीताताई, नाही मिळणार. आणि केमो थांबवू नका, हे दिरांना आजच सांगा. ते काम कॅरोलिन्स्का संस्थेचं आहे, २०२४ चं. सहा पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, पेटीच्या पोटात लपवली होती. साध्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.४ (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), तिथे ती झाकलेली राहतात. गाठीजवळ आम्लता वाढून पीएच ६.५ वर आला की उघडी पडतात आणि पेशीला मरायचा हुकूम देतात. पण तो प्रयोग उंदरांवरचा. ७० टक्के म्हणजे उपचार न झालेल्या उंदरांच्या तुलनेत गाठीची वाढ तेवढी कमी झाली, असलेली गाठ विरघळली असं नव्हे. अशा डीएनएच्या घडीचं मान्यता मिळालेलं एकही कॅन्सरचं औषध आज बाजारात नाही. कुणी विकत असेल तर फसवतोय.

जाऊबाईंचं लाल औषध बहुधा डॉक्सोरुबिसिन असेल, डॉक्टरांना विचारून खात्री करा. ते डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसून बसतं, म्हणून आमच्यातले बरेच जण पेट्यांत तेच भरून बघतात. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका. ताप आला तर मात्र रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठा.

जीवशास्त्रवाले मास्तर, चिपळूण

मग माणसात काहीच नाही?

घडीवाली

जवळचा भाऊबंद आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सोन्याच्या कणांवर आरएनएचे धागे रोवून ते ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या ८ रुग्णांना दिले, २०२१ मध्ये निकाल आले. रक्तातून मेंदूतल्या गाठीत पोचले, एवढं दिसलं. ती घडी मात्र नव्हे.

मला विचाराल तर औषधापेक्षा अभ्यासात हे तंत्र कितीतरी पुढे आहे, त्याची बातमी होत नाही एवढंच. यमुना कृष्णन यांनी बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत असताना २००९ साली डीएनएची छोटी चिमटी केली. आम्लात तिच्यातल्या सी अक्षरांच्या आपसांत जोड्या जमतात, ती मिटते, रंग बदलतो, आणि जिवंत पेशीच्या आतल्या पिशवीचा पीएच वाचता येतो. सोमवारी वर्गात हेच सांगा. सी-सी जोडी आम्लात कशी जमते, ते त्या मुलीला फळ्यावर काढायला लावा.