सोसायटीतला बडग्या: जुन्या पद्धतीने, बांबू-कागदाचाच, कसा करायचा?

बेसावाली
नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारी-महालातली कितीतरी घरं आता बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडे आली आहेत. इकडच्या पोट्ट्यांना तान्हा पोळा चांगला ठाऊक आहे, कारण लाकडी नंदी सजवला की बक्षीस मिळतं. मारबत, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, मात्र त्यांना मोबाइलवरच दिसते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि त्यांच्यामागे वस्त्या-वस्त्यांचे बडग्ये, म्हणजे कुठल्यातरी पीडेचे पुतळे, जे मिरवून शेवटी जाळतात. हे शहराचं केवढं मोठं धन आहे! पाडव्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, सकाळी आमच्या लेआउटमध्ये पोरांच्या हातचा एक बडग्या निघावा असं मनापासून वाटतं. थर्माकोल नको, फ्लेक्स नको. उंची किती ठेवावी, सामान किती लागेल, पावसाचं काय करावं आणि जाळताना काय काळजी घ्यावी, जाणत्यांनी सविस्तर सांगावं.

जुनी बुधवारी
ताई, उंची ९ फूट ठेवा. त्याहून लहान केला तर गर्दीत दिसत नाही आणि मोठा केला तर पोरांच्या हाती आवरत नाही. हातठेल्यावर चढवल्यावर एकूण १२ फुटांच्या आत राहिला पाहिजे. वीजवाहिनी रस्त्यावरून ५.८ मीटर उंच असावी असा नियम आहे, पण केबलच्या आणि इंटरनेटच्या तारा त्याच्या कितीतरी खाली लोंबतात. आदल्या दिवशी सगळी वाट पायी पाहून घ्या. बांबूने तार उचलून बडग्या पुढे काढायचा, हे कधीच करू नका. ओल्या बांबूतून वीज उतरते.

सामान: ११ फुटांचा सरळ बांबू १ (हा कणा), पायांसाठी ५ फुटांचे २, खांद्याला ३ फुटांचा १. बुरडाकडून साडेआठ फुटी कमच्या (बांबू चिरून काढलेल्या पट्ट्या) ४०. सुतळी १ किलो, रद्दी ५ किलो, खाकी कागदाचे ८ ताव, तणसाच्या (भाताच्या वाळल्या काडाच्या) ४ पेंढ्या आणि डोक्यासाठी १८ इंची बांबूचं टोपलं.

बांबू हिरवा घेऊ नका. आज गच्च बांधलेली गाठ चार दिवसांत सैल होते, कारण बांबू सुकताना आकसतो. कमची जुनीच घ्या आणि वाकवण्याआधी चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर वाकताना पेरावर तडकते. पोटाचं कडं ३० इंच व्यासाचं करा. त्याला साधारण १०० इंच कमची लागते, त्यातले ६ इंच एकावर एक चढवून बांधण्यात जातात. छातीचं कडं २४ इंची. ही कडी कण्याला आडव्या काड्यांनी पक्की करा आणि बाहेरून १२ उभ्या कमच्या बांधा. बांधायला सुतळीच वापरा, बाइंडिंग तार नको. तार जळत नाही, राखेत राहते आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी पोराच्या पायात घुसते.

बडग्या मोडतो तो बहुतेक वेळा मानेत. डफडं वाजलं की ठेला नाचवला जातो, डोकं झुलायला लागतं आणि मान तुटते. म्हणून कणा खांद्याशी संपवू नका. तो टोपल्याच्या बुडातून काढून थेट टाळूपर्यंत न्या, आणि खांद्याच्या दोन्ही टोकांपासून मानेला दोन तिरपे टेकू द्या. कण्याचे खालचे दोन फूट ठेल्याच्या चौकटीला तीन ठिकाणी बांधायचे. एकाच ठिकाणी बांधलं तर तो गोल फिरतो.

खळवाला गांधीबाग
वरचं सगळं बरोबर आहे. कागदकामाचं मी सांगतो, कारण खरी फजिती तिथे होते.

एका खेपेच्या खळीला २५० ग्रॅम मैदा आणि २ लिटर पाणी. अर्धा लिटर गार पाण्यात मैदा कालवून सगळ्या गुठळ्या मोडा. उरलेलं दीड लिटर उकळलं की कालवलेला मैदा धार धरून ओता आणि हात न थांबवता ढवळा. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. वर चमचाभर तुरटीची पूड. काही जण मोरचूद घालतात, ते करू नका; ते विषारी आहे आणि खळीत पोरांचेच हात असतात. अशा तीन खेपा लागतील, पण एकदम शिजवून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला तर ती खळ फेकायची. ती चिकटतही नाही आणि कागदाला बुरशी आणते.

रद्दी कात्रीने कापू नका, हाताने फाडा. तीन-तीन इंची पट्ट्या. फाटलेली कड विरळ असते, ती शेजारच्या पट्टीत मिसळून जाते. कापलेली कड सुकल्यावर उचलते आणि रंगातूनही दिसते. गुळगुळीत रंगीत पुरवण्या बाजूला काढा, त्या खळ पीत नाहीत. पहिला थर आडवा, दुसरा उभा, तिसरा खाकी कागदाचा. पोळ्याच्या सुमाराला नागपूरची हवा ओली असते. त्यामुळे प्रत्येक थराला पूर्ण एक दिवस आणि रात्रभर पंखा द्या. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. तशा ओल्यावर पुढचा थर चढवला की पोट खाली बसतं. रंगाचा दिवस धरून आठ दिवस आधी सुरुवात करा.

पाटी-पेंटर
बडग्याचा जीव पाटीत आहे, त्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पूर्वीच्या पाट्या हाताने रंगवलेल्या असत आणि लोक त्या मोठ्याने वाचत. फ्लेक्सवर फोटो आणि नावं इतकी दाटतात की मूळ टोमणा कुठे हरवतो ते कळत नाही. चार-पाच शब्द, बस. अक्षर ६ इंची घेतलं तर ६० फुटांवरून आरामात वाचता येतं. पण मात्रा, वेलांट्या, उकारांना वर-खाली जागा लागते, म्हणून ६ इंची अक्षराला १२ इंचांची ओळ आखा. शिरोरेषा आधी दोरीने ओढून घ्या, अक्षरं तिला टांगा. पिवळ्यावर काळं सगळ्यात लांबून दिसतं.

विषय वस्तीचा घ्या: डासांचा, खड्ड्यांचा, रात्री वाजणाऱ्या हॉर्नचा. शेजाऱ्याचं नाव मात्र पाटीवर येऊ देऊ नका. बडग्या पीडेचा असतो, माणसाचा नाही.

बेसावाली
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! दोन शंका आहेत. मिरवणुकीत पाऊस आलाच तर? आणि जाळायला सोसायटीत काही जणांचा विरोध आहे, धुरामुळे. सांगाडा ठेवून पुढच्या वर्षी वापरला तर चालेल का?

जुनी बुधवारी
पावसासाठी पातळ प्लास्टिकचा मोठा कागद डोक्यावरून सोडायचा आणि कमरेला सुतळीने बांधायचा. जाळण्याआधी तो आठवणीने काढा. अंगावर जुनी साडी नेसवणार असाल तर सुतीच हवी. सिंथेटिक वितळून जळते थेंब खाली पडतात. तणस निघायच्या दिवशीच सकाळी भरा. आधी भरलं तर ओल धरतं आणि मग ज्वाळा न येता नुसता धूर होतो. धुराची तक्रार बहुतेक ओल्या तणसामुळेच येते. पाठीत वीतभर आणि डोक्यात तळहाताएवढं भोक ठेवा, म्हणजे हवा खेळते. खाली १५ गोवऱ्या आणि कापूर पुरतो. रॉकेल-पेट्रोल नाही, पोटात फटाके तर मुळीच नाहीत. पोरं २० फूट लांब, हाताशी पाण्याचे दोन ड्रम आणि वाळू. पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात आधी विचारून घ्या.

सांगाडा ठेवण्याचं मात्र मला पटत नाही. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणायचं आणि तिला परत पार्किंगमध्ये आणून उभी करायची? पीडा शिवेबाहेर गेली पाहिजे.

खळवाला गांधीबाग
भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे, पण फ्लॅटची अडचणही खरी आहे. मधला मार्ग आपल्याच रीतीत आहे. पोळ्याला दाराशी पळसाचे मेढे लावतात आणि पाडव्याला पहाटे हेच म्हणत ते शिवेबाहेर टाकतात. प्रत्येक फ्लॅटच्या दारात दोन डहाळ्या लावा. सकाळी पोरांनी त्या दारोदार गोळा करून बडग्याच्या हातात जुडी बांधायची. शेवटी ती जुडी आणि दोन फुटी तणसाचा एक छोटा बडग्या एवढंच जाळायचं. पीडाही जाते, धूरही थोडा होतो. मोठ्याचा कागद फाडून काढा आणि कमच्या सोडवून कोरड्या जागी ठेवा. पुढच्या वर्षी नवा चेहरा, नवी पाटी.

वेळेचंही जुळतं. सकाळी ८ च्या आत तुमचा बडग्या आटोपला की पोरांना घेऊन उज्ज्वलनगरहून मेट्रोने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून अग्रसेन चौक किंवा चितार ओळ चौक. तिथून पायी नेहरू पुतळ्याकडे. काळी आणि पिवळी भेटतात ती जागा तिथे आहे. चौकाच्या अगदी मध्ये उभे राहू नका, भेटीच्या वेळी गर्दी एकदम सरकते. संध्याकाळी परत येऊन तान्हा पोळा.

मेढे पोळ्याच्या सकाळीच बाजारातून घ्या. दुपारनंतरच्या डहाळ्यांची पानं कोमेजलेली असतात, रात्रभर दारात टिकत नाहीत.